वार्डनिहाय श्रम-सौख्य तक्ता

९ एप्रिल १९६१, रविवार. सकाळी ७.१५

निदान झाले.

गेले पाच महिने सौ. रुक्मा घरी बोलत नाही, अर्धी भाकर ताटात ठेवते आणि हॉस्पिटलातून आली की बूट न काढता उंबऱ्यावर बसून राहते. मी हा विषय पद्धतशीरपणे तपासला. मलेरिया नाही. रक्त कमी नाही. सासुरवासाचा प्रश्न उद्भवत नाही, कारण माझी आई भंडाऱ्याला असते. सर्व शक्यता वगळल्यावर उरते एकच कारण : बर्न्स वार्ड. वितळलेल्या लोखंडाने भाजलेल्या माणसांच्या पट्ट्या आठ तास बदलणारी नर्स घरी येऊन हसेल, ही अपेक्षाच अशास्त्रीय आहे. नोव्हेंबरनंतर तिने हा वार्ड स्वतः मागून घेतला, याचे मला तेव्हाही नवल वाटले होते.

नोव्हेंबरची बाब मी निदानातून वगळली आहे. आमची मुलगी जन्मली ती मृतच. वार वेळेआधी सुटली, बाळाचा रक्तपुरवठा थांबला. डॉक्टरांनी कारण मला सांगितले आणि मी ते त्याच संध्याकाळी रुक्माच्या खाटेशी बसून, आकृती काढून, बाण दाखवून समजावले. तिने शेवटपर्यंत ऐकले. एकही शंका विचारली नाही. ज्या गोष्टीचे कारण कळले ती गोष्ट संपली, असे मी पोलाद-कारखान्याच्या प्रशिक्षण-वर्गात रोज शिकवतो. घरात वेगळा नियम लावता येणार नाही.

संकल्प : रुक्माची बदली सर्वांत हलक्या वार्डात. मुदत ३१ मे.

११ एप्रिल, मंगळवार

सर्वांत हलका वार्ड कोणता? रुक्माला विचारले. "सारे सारखेच हायेत," म्हणाली. तज्ज्ञ व्यक्तीकडून इतके ढोबळ उत्तर अपेक्षित नव्हते.

तेव्हा तक्ता करणे आले. खाने ठरवले : उभे राहण्याचे तास, चालण्याची पावले, उचलायचे वजन, वास, आवाज, मृत्यू. या सहांना ऋण गुण. सातवा खाना माझा स्वतःचा शोध आहे : आनंद. त्याला धन गुण. आजवर कोणत्याही कारखान्यात कामाचे मोजमाप करताना हा खाना कोणी घातल्याचे माझ्या वाचनात नाही.

१३ एप्रिल, गुरुवार

पावले मोजण्यासाठी रुक्माच्या डाव्या खिशात ऐंशी चिंचोके दिले. दर शंभर पावलांना एक चिंचोका उजव्या खिशात टाकायचा. पद्धत दोनदा समजावली.

संध्याकाळी दोन्ही खिसे रिकामे. चौकशी करता कळले की मांड्या भाजलेल्या एका कामगाराला ते तिने अष्टचंगा खेळायला दिले. तो आणि शेजारच्या खाटेवरचा मिळून सकाळपासून खेळत आहेत. हे सांगताना ती जराशी मोकळी वाटली. पण आकडा मिळाला नाही तो नाहीच.

१६ एप्रिल, रविवार. रात्रीच्या जेवणाआधी

आज अनुभवी साक्षीदारांची बैठक आमच्या क्वार्टरमध्ये घेतली. चहा, चिवडा. उपस्थिती : ऑपरेशन थिएटरच्या सिंधुताई (ज्येष्ठ, नोव्हेंबरमध्ये रुक्माच्या उशाशी त्याच होत्या), टीबी वार्डातली कौशल्या आणि मुलांच्या वार्डातली शालू. शालू वीस वर्षांची, दुर्गची, निम्मे हिंदीत बोलते. रुक्मा चहा करत होती.

प्रास्ताविकाला मी वीस मिनिटे योजली होती. चौथ्या मिनिटाला सिंधुताई म्हणाल्या, "भाऊजी, तुमी कधी पाच घंटे एका जागी उभे रायले का? नाकावर माशी बसली तरी हात नेता येत नाही. सर्जनसायबाचं डोकं फिरलं का चिमटा भिरकावतात. तो झेलाचाबी नाही न चुकवाचाबी नाही."

कौशल्या म्हणाली, "पण ताई, तुमचे पेशंट झोपलेले रायतात न! बोलत त नाहीत. माये चाळीस जण आठ-आठ महिन्यांपासून पडून हायेत. मायी सासू कशी, मायी म्हैस किती दूध देते, सारं माहीत हाये त्यायले. कोणाले भेटाले कोणी येत नाही, मंग मीच बहीण, मीच मावशी. आन इंजेक्शनं भरून भरून हे पाहा बोटायले काय झालं. घरी जाते त शेजारीण पोरायले आवाज देते, 'आत या रे, टीबीवाली आली.'"

शालूने बाही वर केली. "तुम लोगों को कोई काटता तो नहीं न? जीजाजी, ये देखो. चार साल का टायफाईडवाला. मैंने उसको सुई लगाई, उसने मेरे को दात!"

मी वळ मोजला. खाना नसल्याने शेऱ्यात लिहिला.

गुण देताना सभेची शिस्त बिघडली. सिंधुताई म्हणाल्या, लिवा थिएटरले नऊ. कौशल्या म्हणाली, मंग टीबीले दहा. सिंधुताई म्हणाल्या, भाजीबाजार हाये का बाई हा? शालूने अकरा मागितले. दहाच्या वर गुण नसतात हे मी सांगितले, तर ती म्हणाली, मग माझ्या वार्डातल्या दाताला वेगळे द्या.

नंतर शालूने बर्न्स वार्डाची हकिगत सांगितली, ती मला नवीन होती. चिकटलेली पट्टी सोडवताना रुक्मा पेशंटकडून पाढे म्हणून घेते. "इतने बडे बडे भट्टीवाले गडी, जीजाजी! रडून रायले, आन म्हणून रायले, एकोणीस साते एकशे तेहतीस!"

ट्रे घेऊन आत येताना रुक्मा म्हणाली, "चुकला त मी परत एकपासून लावते." आणि हसली. ५.४० वाजता. पाच महिन्यांतले पहिले हास्य, साक्षीदारांसमक्ष. तक्त्याचे काम योग्य दिशेने चालल्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

शेवटी मी आनंदाचा खाना काढला. सर्वाधिक आनंद कोणत्या वार्डात? शालू पटकन म्हणाली, "मॅटर्निटी! रोज पेढे मिलते हैं." मग तिने जीभ चावली. रुक्मा कप गोळा करू लागली. अर्धे भरलेलेही तिने नेले.

निघताना सिंधुताई दारात म्हणाल्या, "भाऊजी, एक खाना सुटला तुमचा."

मी पेन्सिल काढून खान्याचे नाव विचारले. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिले. "राहू द्या," म्हणाल्या.

सूचना अपूर्ण असल्याने समाविष्ट केलेली नाही.

२० एप्रिल, गुरुवार

नळाला पाणी नाही. ऊन एकशे बारा डिग्री फॅरनहाइट. तक्त्यात प्रगती नाही.

२५ एप्रिल, मंगळवार

तक्ता पूर्ण. पाच रंग. मॅटर्निटी वार्ड पहिला, आनंदाच्या खान्यात दहापैकी दहा. बर्न्स वार्ड शेवटचा, त्याच खान्यात शून्य.

ऑफिसात नेला होता. कारखाना उभारायला आलेल्या रशियन साहेबांनी तक्त्यासमोर उभे राहून "खराशो" (छान) म्हटले. दुभाष्याच्या मते ते चहाबद्दल बोलले. दुभाष्याचे रशियन कच्चे आहे.

२ मे, मंगळवार. संध्याकाळी ६

बदलीचा अर्ज रुक्मापुढे ठेवला. तिने वाचला. "मॅटर्निटी?" म्हणाली.

मी तिला खान्यामागून खाना समजावला. चाळीस मिनिटे. आवाज शांत ठेवला. जिथे गुणांबाबत वाद होऊ शकतो तिथे मी स्वतःच वाद उपस्थित करून त्याचे निरसन केले.

सगळे ऐकून ती म्हणाली, "तुमाले काहीच नाही वाटत?"

मी म्हणालो की येथे वाटण्याचा प्रश्न नाही, बेरीज केली आहे.

तिने अर्ज स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "बरं. तुमी म्हणता त पाहू," आणि सही केली. सही नेहमीसारखी, अक्षर स्थिर. तिला पटले.

५ मे, शुक्रवार

मेट्रन बाईंना भेटलो. मॅटर्निटीत दोन नर्सेस कमी आहेत, त्यामुळे तक्त्याचा खालचा अर्धा भाग पाहण्याआधीच त्यांनी होकार दिला. मी तरीही खालचा भाग समजावला. त्यांनी एवढेच विचारले, सिस्टरची स्वतःची इच्छा आहे ना? मी सही दाखवली.

१५ मे, सोमवार

आजपासून रुक्मा मॅटर्निटीत. मुदतीच्या सोळा दिवस आधी उद्दिष्ट गाठले. एखादा प्रश्न नीट मांडला की तो निम्मा सुटतो, आणि उरलेला निम्मा रंगीत पेन्सिलीने. वर्गात हे उदाहरण नावे वगळून सांगितले. मुले टिपून घेत होती.

१९ मे, शुक्रवार

सुधारणेची लक्षणे, क्रमाने :

सोमवारी ती अर्धा तास उशिरा घरी आली. बुधवारी एक तास. आज दोन तास. कामाची गोडी लागली आहे. बर्न्स वार्डातून ती मिनिटाला मिनिट वेळेवर यायची, यावरूनच तिथली नावड दिसते.

स्वच्छतेची सवय वाढली. नळाखाली कोपरापर्यंत हात धुते, पुसते, पुन्हा धुते.

जेवत नाही. मे महिना आहे. मीही कमी जेवतो.

उंबऱ्यावर बसणे पूर्ण बंद. आता आत, भिंतीकडे तोंड करून निजते. विश्रांती.

२४ मे, बुधवार

बसस्टॉपवर कौशल्या भेटली. नेहमीची थट्टा नाही. म्हणाली, "दादा, रुक्माची ड्युटी सुटली का ती बर्न्समधी जाते. तिथं दोन-दोन घंटे पट्ट्या करते, कोणी सांगतलं नाही तरी. कावून पाठवलं तुमी तिले तिकडं?"

मी तिला तक्त्याचे तर्कशास्त्र पुन्हा सांगितले. कौशल्याची बस गेली. ती म्हणाली, "तुमाले सांगणं म्हणजे त्या खांबाले सांगणं हाये," आणि पायी निघाली. एवढ्या उन्हात!

निष्कर्ष : सवय. भट्टीवरून कार्यालयात बदलून आलेला कामगारही काही दिवस जेवणाच्या सुट्टीत भट्टीकडेच जातो. कालावधी तीन आठवडे. ५ जूनपर्यंत निवळेल.

२९ मे, सोमवार. संध्याकाळी

रुक्माला वार्डातून घरी पाठवले आहे. सिंधुताई रिक्षाने सोबत आल्या. तिला पलंगावर निजवून त्या बाहेर आल्या आणि उभ्यानेच बोलल्या. ऐकलेले जसेच्या तसे नोंदवतो.

सकाळी एका बाळंतिणीची मुलगी रुक्माने अंघोळीला नेली. आई थकून झोपली होती. दोन तासांनी आई जागी झाली, पाळणा रिकामा पाहून ओरडू लागली. सगळा वार्ड शोधला. रुक्मा चादरींच्या खोलीत खाली बसलेली सापडली, मुलगी मांडीवर. मुलगी सुखरूप, पोट भरलेले, अंग कोरडे.

"आमी मागतो त देऊन नाही रायली होती," सिंधुताई म्हणाल्या. "म्हणे, 'झोपली हाये. उठल. आता उठलच.'"

मी म्हणालो की चादरींची खोली उत्तरेकडे आहे, वार्डापेक्षा पाच-सहा डिग्री थंड. उन्हाळ्यात नवजात बालकाला तिथे नेणे वैद्यकीय दृष्ट्या समर्थनीय आहे.

सिंधुताई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या आहेत. नोकरीत त्यांनी कोणावर आवाज चढवल्याचे मी ऐकले नाही. आज चढवला. "आंधळे हाये का हो तुमी? पोरगी मेलेली होती का झोपलेली, हे ती सहा महिन्यांपासून एकटीच पाहून रायली! त्या दिवशी तिनं तुमाले म्हटलं, एकडाव पाहा. कापडात गुंडाळून तिच्या कुशीतच होती. तुमी काय केलं? खुर्ची ओढली न कागद काढला. मातीले बी तुमी नाही गेले. शेजारचा भैयालाल गेला."

हे सर्व वस्तुतः खरे आहे. मातीच्या वेळी मी वर्गावर होतो. नव्या तुकडीचा पहिला दिवस होता, आणि वर्ग रद्द करून आता काही साध्य होणार नाही, असे मी तेव्हा मांडले होते.

कापडाकडे मी पाहिले नाही, हेही खरे आहे. आकृतीत बाण कोठून सुरू करावा, याचा विचार चालू होता.

३० मे, मंगळवार

रुक्मा निजून आहे. आज समजावणे योग्य नाही. उद्या.

३१ मे, बुधवार

उद्या.

२ जून, शुक्रवार. दुपारी ३

मेट्रन बाईंनी रुक्माला बर्न्स वार्डात परत घेतले. त्याबरोबर नर्सेस हॉस्टेलात एक खाट दिली. ती खाट रुक्माने मागितली होती, हे मला ट्रंक दारात आल्यावर कळले.

भैयालालने ट्रंक सायकलला बांधली. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

मी रुक्माला म्हणालो की झालेली चूक मोजमापातली आहे, ती दुरुस्त करता येईल. तिने केसांत पिन खोचली आणि म्हणाली, "मी रागावली नाही तुमच्यावर. खरंच सांगते. पण तुमच्यापाशी मले रडता येत नाही. तोंड उघडलं का तुमी समजावता."

हे असे नाही, हे मी तिला समजावू लागलो.

ती थांबली. माझे पूर्ण होईपर्यंत ऐकले. मग चप्पल घातली आणि गेली.

तात्पुरती व्यवस्था आहे. दोन आठवडे. हवापालट म्हणून चांगलेच.

४ जून, रविवार

तक्ता पुन्हा काढला. सिंधुताईंनी सुचवलेला खाना जोडतो आहे. शीर्षक "नोव्हेंबर". मॅटर्निटीसमोर ऋण दहा लिहिले. बेरीज केली तर मॅटर्निटी तरीही दुसरी येते. खोडून ऋण शंभर लिहिले. मग बाकीच्या आकड्यांना अर्थ राहत नाही, वास, वजन, पावले, सगळे सारखेच दिसू लागते. रुक्मा एप्रिलमध्ये हेच म्हणाली होती, मी ते ढोबळ ठरवले.

बर्न्स वार्डासमोर या खान्यात काय लिहावे? तिथे माणसे ओरडतात. जोराने, दिवसाढवळ्या, सर्वांसमोर ओरडतात, आणि नर्स त्यांना गप्प राहा म्हणत नाही. पाढे म्हणा, म्हणते. याला किती गुण, हे मला ठरवता आले नाही.

खाना कोरा ठेवला आहे. रेघही सरळ आली नाही.

८ जून, गुरुवार

वर्गात आज एका प्रशिक्षणार्थीने शंका विचारली. सर, कारण समजल्यावर गोष्ट संपते असे तुम्ही म्हणता. मग माझा भाऊ कोक ओव्हनच्या भट्टीवर अपघातात वारला त्याचे कारण आम्हाला पूर्ण समजले आहे, चौकशीचा कागद घरी आहे. आई तरी रोज त्याच्या वेळेला दार का उघडते?

मी फळ्याकडे वळलो. खडू हातात घेतला. एक बाण काढला, पुसला; तेवढ्यात तास संपल्याचा भोंगा झाला.

११ जून, रविवार. संध्याकाळी ६.३०

हॉस्टेलात भेटीची वेळ चार ते पाच. व्हरांड्यात दोन खुर्च्या. कागदावर एकच प्रश्न लिहून नेला होता : घरी कधी येणार? मुद्दे नाहीत, तक्ता नाही.

रुक्मा गणवेशात आली. पाच वाजता तिची ड्युटी होती. चेहरा भरला आहे. खुर्चीवर बसून म्हणाली, "काय समजवाले आले?"

मी म्हणालो, काही नाही. आत काही बायका हसत होत्या, बहुधा शालूही होती.

मी विचारले, "ती कशी होती?"

हे कागदावर नव्हते. ते तोंडून कसे आले, सांगता येत नाही.

रुक्माने कोण ते विचारले नाही. हात मांडीवर ठेवले. मग एवढ्या हळू बोलू लागली की मला पुढे वाकावे लागले. "केस लय होते. ओले, कपाळावर आलेले. मी मांगं केले त पुन्हा पुढं. नखं बी होती, इतकुली. एक मूठ उघडी होती, एक बंद. बंद उघडून पायली मी. काही नव्हतं तिच्यात." मग रडू लागली. मी बोललो नाही.

ती पंधरा-वीस मिनिटे रडली आणि मधूनमधून सांगत राहिली. वजन, ते तिने स्वतःच्या हातांनी तोलले होते. ओठांचा रंग. सिंधुताईंनी कोणत्या कापडात गुंडाळले. मी तिथे हाताच्या अंतरावर खुर्चीवर बसलेलो होतो आणि हे सगळे आज ऐकतो आहे.

पाचची घंटा झाली. तिने रुमालाने चेहरा पुसला, टोपी सरळ केली. पायरीवर जाऊन थांबली. माझ्याकडे न वळता म्हणाली, "तिचे कान तुमचे होते."

मग वार्डात गेली.

मी भेटीची वेळ संपल्यानंतरही बसून होतो. चौकीदाराने उठवले. गेटाबाहेर आल्यावर लक्षात आले, ती घरी कधी येणार हे विचारायचे राहिले.